पाला, कीटक आणि धागा : रेशीम संगोपनातील पंचवीस दिवसांचा हिशेब

मार्च संपता संपता दिल्लीतील अनेक रस्त्यांच्या कडेला आणि उद्यानांतून पदपथावर जांभळे डाग दिसू लागतात. ‘शहतूत’ म्हणजे तुतीच्या फळांचा तो हंगाम असतो. मुले फळे वेचतात, पक्षी ती खातात. पाल्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. त्याच वेळी जालना, बीड, परभणी या जिल्ह्यांत त्याच कुळातील झुडपे कमरेएवढ्या उंचीवर ठेवून वर्षातून पाच वेळा छाटली जातात आणि तेथे फळ नव्हे, केवळ पानच मोलाचे ठरते. झाड तेच; त्याच्यापासून धागा मिळवायचा की सावली, हे त्या पानांवर कोणता कीटक वाढतो यावर ठरते.

राजधानीच्या परिसरात रेशीम शेती रुजली नाही, याची कारणे साधी आहेत. तेथील कडक थंडीत तुतीची पाने झडतात आणि उन्हाळ्यात कोरड्या उष्ण वाऱ्यात कीटक तग धरत नाहीत. उत्तर भारतातील रेशीम उत्पादक भागांत म्हणूनच प्रामुख्याने वसंत आणि शरद अशी दोनच पिके घेतली जातात. दिल्लीचा रेशमाशी संबंध आहे तो बाजारपेठ, धोरण आणि संशोधन या नात्याने. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेले केंद्रीय रेशीम मंडळ बंगळूरुला असले, तरी ते ज्या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत येते ते दिल्लीत आहे. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ मध्ये दिल्लीत आली. ही संस्था पुसा येथे असतानाच तेथील कीटकशास्त्रज्ञांनी एरंडीच्या पाल्यावर जगणाऱ्या एरी रेशीमकीटकावर प्रयोग केले होते. प्रत्यक्ष कोष मात्र दक्षिणेत आणि पूर्वेत पिकत राहिले. अलीकडच्या काळात त्यात महाराष्ट्राची, विशेषतः मराठवाड्याची भर पडली. या लेखात त्या कोषामागील कीटकाचे काम समजून घ्यायचे आहे. कारण संगोपनगृहातील बहुतेक नुकसान कीटकाला काय हवे आहे हे न ओळखल्याने होते, पैशाच्या किंवा कष्टाच्या कमतरतेने नव्हे.

पानाशी बांधलेला कीटक

तुती रेशीमकीटकाचे शास्त्रीय नाव बॉम्बिक्स मोरी. चीनमधील बॉम्बिक्स मँडारिना या रानटी कीटकापासून माणसाने सुमारे पाच हजार वर्षांत हा कीटक घडवला. आज तो रानात जगूच शकत नाही. पतंगाला पंख असतात, पण उडता येत नाही. अळीला भूक लागली तरी ती पाल्याच्या शोधात दूर जात नाही. जागेवरच मान उंचावून वाट पाहते. गाय-बैलसुद्धा मोकळे सोडले तर चरून येतात, रेशीमकीटकाकडून तेवढीही अपेक्षा ठेवता येत नाही. त्यामुळे संगोपन करणाऱ्याच्या प्रत्येक चुकीची किंमत कीटकालाच मोजावी लागते.

तो तुतीच का खातो, याचे उत्तरही रंजक आहे. तुतीचे पान तोडले की देठातून पांढरा चीक निघतो. त्या चिकात साखरेसारखी रचना असलेले अल्कलॉइड असतात आणि इतर अळ्यांच्या पचनात ती साखर पचविणाऱ्या विकरांना अडवतात. एरी कीटकाच्या अळीला हाच चीक विषारी ठरतो. बॉम्बिक्स मोरीची विकरे मात्र या अल्कलॉइडना दाद देत नाहीत. झाडाने इतरांसाठी बंद केलेले दार याच एका कीटकाला उघडे आहे. तुतीच्या पानाचा वास त्याला ओढून घेतो आणि पानातील विशिष्ट घटक त्याला चावा घेण्यास आणि गिळण्यास उद्युक्त करतात. बाजारात कृत्रिम खाद्याची चर्चा अधूनमधून होते. पण व्यवहारात आजही पाला हेच खाद्य आणि पाला हेच पाणी आहे. रेशीमकीटक पाणी पीत नाही. ताज्या पाल्यात सुमारे ७० ते ७५ टक्के पाणी असते, त्यावरच त्याची तहान भागते. सकाळी तोडून दुपारपर्यंत उघड्यावर पडलेला पाला कीटकाला उपाशी ठेवतो आणि तहानलेलाही ठेवतो. ओल्या गोणपाटाखाली पाला झाकून ठेवण्याचा आग्रह याच कारणासाठी धरला जातो.

एक टन पाल्याचे दहा किलो सूत

एक मादी पतंग साधारण ४०० ते ५०० अंडी घालते. या एका मादीच्या अंड्यांच्या गटाला अंडीपुंज म्हणतात. शंभर अंडीपुंज म्हणजे ढोबळमानाने ४० हजार अळ्या. एक अळी आपल्या संपूर्ण आयुष्यात सुमारे २५ ग्रॅम ताजा पाला खाते. गुणाकार केला की शंभर अंडीपुंजांना एक टन पाला लागतो. उत्तम संगोपनात त्यातून ६० ते ७० किलो ओले कोष मिळतात. दुबार जातीच्या साडेसहा किलो कोषांपासून साधारण एक किलो कच्चे रेशीम निघते; म्हणजे एका टन पाल्याचे दहा किलो सूत. एका कोषाचे वजन पावणेदोन ग्रॅमच्या आसपास धरले तर अर्धा किलो रेशमाच्या साडीमागे जवळपास दोन हजार कीटक असतात.

या आकड्यांत आणखी एक आकडा मिळवला पाहिजे, तो सर्वांत महत्त्वाचा आहे. कीटक एकूण पाल्यापैकी सुमारे ८५ टक्के पाला आपल्या शेवटच्या, पाचव्या अवस्थेतील सात-आठ दिवसांत खातो. उरलेल्या चार अवस्थांना मिळून पंधरा टक्केच पुरतो. अनेक नवे शेतकरी पहिल्या दोन अवस्थांत कीटक पाला खातच नाहीत असे समजून अंडीपुंजांची संख्या वाढवतात आणि पाचव्या अवस्थेच्या चौथ्या दिवशी त्यांच्या शेतातील पाला संपतो. मग शेजारच्या गावातून ट्रॅक्टरभर पाला आणावा लागतो. तो पाला कोणत्या शेतातला, त्यावर कधी आणि कशाची फवारणी झाली, हे विचारण्याइतका वेळ तेव्हा कोणाकडेच नसतो. अंडीपुंजांची मागणी नोंदवण्यापूर्वी शेतातील पाल्याचा अंदाज घेणे हे विस्तार कार्यकर्त्याने शिकवायचे पहिले काम आहे. (५+३)×२ फूट या जोडओळ पद्धतीत एकरी ५,४४५ झाडे बसतात. शेताच्या चार-पाच ठिकाणची काही झाडे छाटून त्यांचा पाला तोलला, की अंदाज बांधता येतो. तासाभराचे काम आहे, पण ते फारच थोडे लोक करतात.

जातीचा प्रश्न येथेच येतो. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने प्रसारित केलेली व्ही-१ ही तुतीची जात महाराष्ट्रात सर्वाधिक परिचित आहे. एस-३६ चा पाला बाल कीटकांसाठी चांगला मानला जातो. मात्र चांगली जात लावून नत्राची मात्रा बेसुमार दिली, तर पाने मोठी आणि पाणचट होतात, कीटक ती खातात, पण कोषाचे कवच पातळ राहते. शेणखत, गांडूळखत आणि ताग यांवर पोसलेली तुती दिसायला तितकी हिरवीगार नसेल. कोष मात्र तिच्या पाल्यावर अधिक भरीव येतो.

चार काती, पाच अवस्था

उबवणीला ठेवलेल्या अंड्यांतून दहा ते बारा दिवसांत अळ्या बाहेर पडतात. सर्व अळ्या एकाच सकाळी बाहेर याव्यात म्हणून अंड्यांवर निळसर ठिपका दिसू लागला की ती काळ्या कापडात किंवा खोक्यात अंधारात ठेवतात आणि दोन दिवसांनी पहाटे प्रकाशात उघडतात. ही साधी युक्ती पुढच्या पंचवीस दिवसांचा त्रास वाचवते. एकाच वेळी जन्मलेले कीटक एकाच वेळी कात टाकतात, एकाच वेळी कोषावर जातात.

जन्मलेली अळी मुंगीएवढी, काळपट असते. पंचवीस दिवसांच्या आत तिचे वजन सुमारे दहा हजार पटींनी वाढते. एवढी वाढ एका कातडीत मावत नाही, म्हणून ती चार वेळा कात टाकते आणि तिच्या आयुष्याच्या पाच अवस्था होतात. कातीवर बसलेला कीटक मान वर करून निश्चल राहतो. तो आजारी नसतो आणि उपाशीही नसतो. आतून नवी कातडी तयार करीत असतो. या काळात पाला टाकू नये, कीटकांना हलवू नये. चुन्याची भुकटी धुरळून बिछाना कोरडा ठेवावा आणि ९० ते ९५ टक्के कीटक कातीतून बाहेर आल्यावरच पुन्हा खाद्य द्यावे. दोन-चार कीटक उठले म्हणून लगबगीने पाला टाकणाऱ्याच्या संगोपनगृहात पुढे लहान-मोठ्या कीटकांची मिसळ होते आणि ती शेवटपर्यंत सुटत नाही.

पहिल्या दोन अवस्थांतील कीटकांना बाल कीटक किंवा चॉकी म्हणतात. त्यांना २७ ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता लागते. पाचव्या अवस्थेतील कीटकाला नेमके उलटे हवे असते: २४ ते २५ अंश, ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि भरपूर खेळती हवा. एकाच खोलीत हे दोन्ही साधणे अवघड असल्याने चॉकी केंद्रांची व्यवस्था उभी राहिली. प्रशिक्षित चालक दुसरी कात टाकेपर्यंत कीटक सांभाळतो आणि शेतकरी तेथून ते घरी आणतो. या व्यवस्थेने मराठवाड्यातील पिकांची खात्री वाढवली, हे मान्य करावेच लागेल. मात्र चॉकी केंद्रातून कीटक आणताना ते दुपारच्या उन्हात, बंद गाडीत, दाटीवाटीने आणले गेले तर केंद्रात घेतलेली सारी काळजी वाया जाते. वाहतूक पहाटे किंवा संध्याकाळनंतर करावी.

शंभर अंडीपुंजांच्या पाचव्या अवस्थेतील कीटकांना सुमारे ७०० चौरस फूट बिछाना लागतो. दाटी झाली की पाला कमी पडतो, ओल वाढते आणि रोग एका कीटकाकडून दुसऱ्याकडे जातो. फांदी खाद्य पद्धतीत पान न तोडता पूर्ण फांदीच ठेवली जाते. त्यामुळे मजुरी वाचते, पाला जास्त वेळ ताजा राहतो आणि फांद्यांमधून हवा खेळते.

पानाचे रेशीम होते कसे

रेशीम हे कीटकाच्या शरीराचा भाग नाही, ते ग्रंथीतून पाझरणारे द्रव्य आहे. अळीच्या शरीरात दोन्ही बाजूंना एकेक लांब, नागमोडी नळी असते. तिच्या मागील भागात फायब्रॉइन हे प्रथिन तयार होते, मधल्या भागात त्यावर सेरिसिन या डिंकासारख्या प्रथिनाचा लेप चढतो. ओठाजवळ दोन्ही नळ्या एकत्र येतात. म्हणून आपण ज्याला एक तंतू समजतो ते प्रत्यक्षात सेरिसिनने चिकटवलेले दोन तंतू असतात. तंतूत ७० ते ८० टक्के फायब्रॉइन आणि बाकी बहुतांश सेरिसिन असते.

पहिल्या चार अवस्थांत या ग्रंथी नगण्य असतात. पाचव्या अवस्थेच्या सुरुवातीला कीटक जे खातो त्याचा बराच भाग शरीर वाढवण्यात जातो. त्यानंतरच्या दिवसांत पाल्यातील प्रथिने वेगाने रेशीमग्रंथीत वळवली जातात आणि ग्रंथी पाहता पाहता शरीरभर पसरतात. रेशमातील प्रथिनांपैकी सुमारे ७० टक्के प्रथिने थेट तुतीच्या पाल्यातील प्रथिनांपासून येतात. म्हणून पाचव्या अवस्थेच्या अखेरच्या तीन दिवसांत पाला कमी पडला, तर कीटक मरत नाही, कोषही करतो. फक्त त्या कोषात रेशीम कमी असते. शेतकऱ्याला वाटते बॅच यशस्वी झाली. बाजारात कोष हातात घेऊन दाबणारा व्यापारी मात्र ते क्षणात ओळखतो.

ग्रंथीत रेशीम द्रवरूप असते. ते बाहेर येऊन नुसते वाळते असा सर्वसाधारण समज आहे, तो अपुरा आहे. कीटक तंतूचे टोक आधाराला चिकटवतो आणि मान मागे घेऊन तो तंतू ओढतो. या ताणामुळे फायब्रॉइनचे रेणू एका दिशेने रांगेत बसतात आणि एकमेकांना घट्ट धरतात. एकदा असे घट्ट झालेले फायब्रॉइन पाण्यात विरघळत नाही. इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे मान फिरवत कीटक दोन ते तीन दिवस अखंड विणत राहतो आणि दुबार जातीत साधारण एक हजार मीटर किंवा त्याहून अधिक लांबीचा सलग तंतू स्वतःभोवती गुंडाळतो.

विणण्याची वेळ कीटकाला कशी कळते? त्याच्या शरीरात बाल्य संप्रेरक असते. ते भरपूर असेपर्यंत प्रत्येक कातीनंतर अळीची अळीच राहते. पाचव्या अवस्थेत ते घटते, कीटक खाणे थांबवतो, अंग पारदर्शक पिवळसर होते आणि तो जागा शोधू लागतो. ही माहिती केवळ अभ्यासाची नाही. काही कीटकनाशके या संप्रेरकाची नक्कल करतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर इटलीत फळबागांवर फेनॉक्सिकार्ब या अशाच रसायनाची फवारणी होऊ लागली. त्याचे अत्यल्प अंश तुतीच्या पानांवर पोहोचले आणि तेथील कीटक पाचव्या अवस्थेतच अडकून राहिले. खात राहिले, कोष मात्र केला नाही. इटलीच्या आधीच उतरणीला लागलेल्या रेशीम व्यवसायाला तो मोठा धक्का होता. आपल्याकडे कापसावरील पांढऱ्या माशीसाठी वापरले जाणारे पायरीप्रॉक्सिफेन याच प्रकारे काम करते.

शेजारच्या शेतातील फवारणी

मराठवाड्यात तुतीची एकर-दोन एकर शेते सोयाबीन, कापूस आणि तुरीच्या मधोमध असतात. रेशीम उत्पादकाची सर्वांत मोठी चिंता त्यामुळे बहुधा बांधापलीकडची असते. शेंगा किंवा बोंडे पोखरणाऱ्या अळ्यांसाठी बनवलेले औषध रेशीमकीटकाला ओळखून सोडून देत नाही. तोही अळीच आहे. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोलसारखी औषधे तर रेशीमकीटकाला अत्यंत कमी मात्रेतही मारक ठरतात आणि पानावर दीर्घकाळ टिकतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम या गटातील औषधांचेही तसेच आहे. बाधित कीटक हिरवट द्रव ओकतो, डोके हलवतो, आकसतो. चार तासांत संपूर्ण बॅच जमिनीवर पडलेली पाहण्याची वेळ काही शेतकऱ्यांवर आली आहे. अशा वेळी भांडणाला तोंड फुटते, पण शेजाऱ्याने आपल्याच शेतात आपल्याच पिकावर फवारणी केलेली असते. तक्रार करायला जागा नसते.

त्यापेक्षा आधी बोललेले बरे. अंडीपुंज येण्याची तारीख ठरली की बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्यांना ती सांगावी, त्यांच्या फवारणीचे दिवस विचारावेत. वाऱ्याच्या बाजूच्या दोन-तीन ओळी संशयास्पद वाटल्या तर त्यांचा पाला त्या बॅचला घालू नये. शंका असल्यास थोडे कीटक वेगळे काढून त्यांना तो पाला खाऊ घालावा आणि एक दिवस निरीक्षण करावे. फवारणीचा पंप तुतीसाठी स्वतंत्र ठेवावा. ड्रोनने होणाऱ्या फवारणीत थेंब बारीक असल्याने ते वाऱ्यावर दूर जातात, याचीही जाणीव गावातील फवारणी करणाऱ्या तरुणांना करून द्यावी लागेल.

‘जैविक’ या शब्दाने मात्र येथे फसू नये. ॲगोस्टिनो बॅसी या इटालियन अभ्यासकाने १८३५ मध्ये रेशीमकीटकाचा पांढरा मस्कार्डिन रोग एका बुरशीमुळे होतो हे दाखवले. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो हे सिद्ध करणारे ते आरंभीचे संशोधन होते. त्याच्या नावावरून त्या बुरशीचे नाव ब्युव्हेरिया बॅसियाना पडले. हीच बुरशी आज जैविक कीटकनाशक म्हणून विकली जाते. त्याचप्रमाणे बीटी म्हणून प्रसिद्ध असलेला जिवाणू १९०१ च्या सुमारास जपानमध्ये प्रथम सापडला तो आजारी रेशीमकीटकांतच. जी औषधे रेशीमकीटकाच्या रोगांतून जन्माला आली, ती तुतीच्या आसपास फवारणे कसे सुरक्षित ठरेल? सेंद्रिय शेती करणाऱ्या शेजाऱ्यालाही हे समजावून सांगण्याची गरज आहे.

रोग दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो

रेशीमकीटकाच्या रोगांवर औषध नाही, प्रतिबंध आहे. ग्रासरी हा विषाणूमुळे होणारा रोग उष्ण आणि चढ-उताराच्या हवामानात बळावतो. कीटकाची कातडी ताणते, चकाकते आणि फुटून दुधाळ द्रव बाहेर येतो. तो द्रव म्हणजे पुढच्या शेकडो कीटकांचा संसर्ग. फ्लॅचरीत कीटक ढिले पडतात, काळे पडतात. निकृष्ट, ओला किंवा मातकट पाला हे त्याचे नेहमीचे निमित्त. मस्कार्डिन थंडी आणि दमटपणात येतो आणि मेलेला कीटक खडूसारखा कडक होतो. असे कीटक हाताने न उचलता चिमट्याने उचलून चुना किंवा ब्लिचिंग पावडरच्या द्रावणात टाकावेत.

पेब्रिनची गोष्ट निराळी आहे. हा रोग मादीकडून अंड्यांत उतरतो. १८६५ मध्ये फ्रान्समधील रेशीम व्यवसाय या रोगाने मोडकळीला आला, तेव्हा लुई पाश्चर यांना तेथे पाठवण्यात आले. त्यापूर्वी त्यांनी रेशीमकीटकावर काम केलेले नव्हते. काही वर्षांच्या अभ्यासानंतर त्यांनी सुचवलेला उपाय अत्यंत व्यवहार्य होता : प्रत्येक मादीला स्वतंत्रपणे अंडी घालू द्यावीत, नंतर ती मादी कुटून तिचा रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा आणि रोगबीज दिसल्यास तिची अंडी नष्ट करावीत. ‘रोगमुक्त अंडीपुंज’ या शब्दातील ‘रोगमुक्त’ याचा अर्थ तोच आहे आणि अंडीपुंज निर्मिती केंद्रांत आजही मादी पतंगांची तपासणी केली जाते. कोणाकडून तरी स्वस्तात मिळालेली, तपासणीचा पुरावा नसलेली अंडी घेणे म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये परत जाणे होय.

उझी माशीचा येथे उल्लेख केला पाहिजे. ही माशी पश्चिम बंगालमधून कोषांच्या वाहतुकीबरोबर १९८० मध्ये कर्नाटकात पोहोचली आणि नंतर सर्वत्र पसरली. ती कीटकाच्या अंगावर अंडे घालते. आत शिरलेली अळी कीटकाला खाते आणि कोष भोकसून बाहेर पडते. दारे-खिडक्यांना जाळी आणि प्रवेशाला दुहेरी दार एवढ्याने तिचा बहुतांश बंदोबस्त होतो. जाळीला हातभर भोक पडलेले आणि आत मात्र महागडी औषधे मारलेली, हे दृश्य दुर्दैवाने दुर्मिळ नाही.

दोन बॅचमधील रिकामे दिवस हे निर्जंतुकीकरणाचे दिवस असतात. संगोपनगृह धुऊन, ०.३ टक्के चुन्याच्या निवळीत २ टक्के ब्लिचिंग पावडर मिसळून भिंती, छत, रॅक आणि साहित्य भिजेपर्यंत फवारावे. ब्लिचिंग पावडर ताजी असावी. उघड्या पोत्यातील पावडरीचा क्लोरीन उडून गेलेला असतो आणि उरते ती पांढरी भुकटी.

चंद्रिकेवरचे दोन दिवस

पंचवीस दिवस सांभाळलेले कीटक पिकले की शेतकरी थकलेला असतो आणि नेमकी तेव्हाच घाई होते. पिकलेला कीटक चंद्रिकेवर सोडण्यास उशीर झाला तर तो बिछान्यातच तंतू सोडू लागतो आणि ते रेशीम वाया जाते. लवकर सोडला तर भुकेलेला कीटक भटकतो. चंद्रिकेवर चौरस फुटाला ४० ते ५० कीटक पुरेत. त्यापेक्षा दाटी केली की दोन कीटक मिळून एक कोष करतात. असा जोडकोष दिसायला मोठा असतो, पण त्यातून सलग धागा सुटत नाही.

विणण्यापूर्वी प्रत्येक कीटक शरीरातील उरलेले पाणी मूत्रावाटे टाकतो. हजारो कीटकांचे हे पाणी खोलीत साचले तर आर्द्रता वाढते, सेरिसिनचा लेप ओला राहतो आणि धाग्याचे वेटोळे एकमेकांना चिकटतात. पुढे धागा उकलताना तो पुन्हापुन्हा तुटतो. म्हणूनच कीटकाला खायला घालताना जी आर्द्रता जपली ती या दोन दिवसांत बाहेर काढायची असते : खिडक्या उघड्या, पंखे चालू, आर्द्रता ६० ते ६५ टक्के. थंडीत खोली उबदार ठेवण्यासाठी दारे बंद करणारे शेतकरी चांगल्या कोषाची प्रत येथे गमावतात.

कोष विणून पूर्ण झाला तरी आतील कीटक लगेच कोषावस्थेत जात नाही. कातडी कडक होऊन तपकिरी व्हायला काही दिवस लागतात. दुबार जातीचे कोष साधारण सातव्या दिवशी काढावेत; त्याआधी काढले तर आतील मऊ कीटक फुटतो आणि कोष आतून डागाळतो. उशीरही परवडत नाही. पतंग बाहेर पडताना तोंडातून सेरिसिन विरघळवणारा द्रव सोडतो आणि कोषाला भोक पाडतो. मग सलग धागा मिळत नाही.

बाजार आणि पुढचा प्रवास

ओल्या कोषाच्या वजनात आतील कीटकाचा वाटा तीन चतुर्थांशाहून अधिक असतो, रेशमाचे कवच दुबार जातीत २० ते २२ टक्के. कोष दर तासाला वजन गमावत असतो. एकेकाळी मराठवाड्यातील शेतकरी हे कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जात. प्रवासातच वजनाची तूट आणि वर बाजारभावाची अनिश्चितता. २०१८ मध्ये जालना बाजार समितीत राज्यातील पहिली रेशीम कोष खरेदी बाजारपेठ सुरू झाल्यावर हे अंतर कमी झाले. पुढे इतर काही ठिकाणीही खरेदीची सोय झाली. नागपूर येथील रेशीम संचालनालय, रोजगार हमी योजनेतून तुती लागवड आणि संगोपनगृहासाठी मिळणारी मजुरी, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील रेशीम संशोधन यांचाही या वाढीत वाटा आहे. भाव मात्र आजही वर-खाली होतात आणि ते शेतकऱ्याच्या हातात नाहीत. त्याच्या हातात आहे ती प्रतवारी. डागाळलेले, जोड, पातळ आणि भोकाचे कोष घरीच वेगळे काढले, वरचा सैल जाळीदार थर साफ केला आणि कोष हवा लागेल अशा पिशवीत, पसरून नेले, तर त्याच ढिगाला वेगळा भाव मिळतो.

पुढे कोष वाफेने किंवा गरम हवेने सुकवून आतील कीटक मारला जातो, गरम पाण्यात सेरिसिन मऊ केले जाते आणि अनेक कोषांचे तंतू एकत्र ओढून कच्च्या रेशमाचा धागा बनतो. रंगवण्यापूर्वी साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून डिंक काढला की धाग्याचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटते आणि त्याला चमक येते. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे ३८ हजार ९०० टन कच्चे रेशीम तयार झाले, त्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश तुती रेशीम होते. उत्पादनात भारत चीनखालोखाल आहे. येवल्याच्या पैठणीला लागणारे रेशीम मात्र मुख्यतः बंगळूरुकडून येत राहिले आहे. कोष मराठवाड्यात, पैठणी नाशिक जिल्ह्यात आणि मधला धागा परराज्यात, ही साखळी राज्यातच जुळवायची तर धागानिर्मितीकडे लक्ष द्यावे लागेल. केवळ तुतीचे क्षेत्र वाढवून ते साधणार नाही.

पूर्व विदर्भातील टसर हा वेगळा विषय आहे. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर भागांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढणाऱ्या टसर कीटकांचे संगोपन ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. तेथे संगोपनगृह नसते, राखणदारी असते : पक्षी, मुंग्या आणि पावसाशी. तुती रेशमाचे नियम तेथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

संगोपन संपल्यावर रॅकखाली उरते ती विष्ठा आणि उरलेल्या फांद्या. नत्राने समृद्ध असलेली ही सामग्री कुजवून केलेले खत तुतीला चांगले मानवते. मात्र बॅचमध्ये रोग आढळला असेल तर ती कच्च्या स्वरूपात तुतीच्या शेतात पसरू नये. पेब्रिनचे बीजाणू आणि ग्रासरीचे विषाणूकण मातीत दीर्घकाळ टिकतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून खालच्या पानांवर बसतात. अशी सामग्री चुना टाकून खड्ड्यात बंद करून पूर्ण कुजवावी आणि तुतीऐवजी ज्वारी किंवा ऊस अशा दुसऱ्या पिकाला द्यावी.